भरती, दिवसातून दोनदा

३ नोव्हेंबर, सोमवार. कडेगाव

पोचले. कुंभार्ली घाट, कराड, मग ऊसच ऊस. साखर कारखाने नुकतेच पेटलेत, त्यामुळे निम्मा रस्ता उसाच्या ट्रॉलीचा पार्श्वभाग बघत. फाटकावर पाटी: सागरविज्ञान नेतृत्व व संशोधन क्षमता बांधणी केंद्र. इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरून पाच-सहा तास. जागा फुकट मिळाली म्हणून केंद्र इथे. आत कारंजं, त्यात फायबरचा डॉल्फिन, कारंज्यात पाणी नाही. डॉल्फिनच्या शेपटीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातलाय.

सभागृहाचं नाव ‘अरबी समुद्र’. जेवणघर ‘हिंद महासागर’. संडासांना नावं दिलेली नाहीत, एवढी तरी लाज.

सहा आठवडे. वेगवेगळ्या संस्थांतून अकराजण. आमच्या संस्थेतून दोघं, मी आणि सामंत. सामंत माझ्याहून सात वर्षांनी लहान, माझ्याच भरती-ओहोटी विभागात, माझ्या लेखात दुसरं नाव त्याचं. जानेवारीत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. निवड समिती शेवटच्या दिवशी इथेच येणार, आमची सादरीकरणं बघणार आणि नाव ठरवणार. आमचे संचालक (मोठे साहेब, पुढे मो.सा.) निघताना म्हणाले, “बाई, कोर्स केल्याशिवाय नाव पुढे जात नाही हो आता.” म्हणजे पंचवीस वर्षं धक्क्यावर उभी राहिले ते बिनकोर्सचं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. हवी आहे मला ती खुर्ची. फार हवी आहे.

५ नोव्हेंबर, बुध.

नेतृत्वगुरू आले, पुण्याहून. यापुढे ने.गु. पूर्ण लिहावं इतकी शाई स्वस्त नाही. आधी साबणाच्या कंपनीतल्या लोकांना शिकवत, आता आम्हाला.

पहिला तास: ‘तुम्ही कोणता सागरी जीव आहात?’ सामंत ताबडतोब डॉल्फिन झाला. दोघे देवमासे. एक बाई प्रवाळ. मी कालव म्हणाले. एका जागी चिकटायचं आणि तोंड मिटून घ्यायचं.

ने.गु. म्हणाले, “मॅडम, जरा पॉझिटिव्ह जीव घ्या ना.”

मग सगळ्यांनी डोळे मिटून लाट व्हायचं होतं. झाले लाट. पन्नाशीला आलेली बाई, पीएच.डी., हात वर करून हलतेय. माझ्या शेजारचे देवमासे घोरत होते.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं. पण क्षमता बांधणी म्हणजे पोहरा रंगवायचा, असं दिसतंय.

९ नोव्हेंबर, रवि. रहिमतपूर

रविवारी सुट्टी. आण्णाकडे आले. थोरला भाऊ, सुभेदार होऊन रिटायर. अजून पहाटे उठून बूट पुसतो, जायचं कुठंच नसतं.

“शके, समुद्र कवापास्नं आला गं कडेगावात?”

म्हटलं, आला नाही, आणणार आहेत.

“आमच्यात बी आसंच. पोहायचं ट्रेनिंग राजस्थानात दिलं हुतं.” हे खरं की खोटं आण्णाचं कधी कळत नाही.

वहिनीने धपाटी केली होती. मी म्हटलं, जानेवारीत कदाचित प्रमुख होईन. आण्णा म्हणाला, “म्हंजे कंपनी कमांडर.” आणि गल्लीत जाऊन शेजाऱ्याला सांगून आला. ‘कदाचित’ हा शब्द त्याने ऐकलाच नाही. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुध.

प्रत्येकाने ‘लोकसहभाग प्रकल्प’ करायचाय, शेवटी तोच सादर करायचा. सामंतचा विषय: ‘सागरी नेतृत्वाची नवी क्षितिजे’. क्षितिजांचं एक बरं असतं, हात लांब केला की झालं.

माझा विषय मात्र खरा. आमच्या धक्क्यावर खांबाला आकड्यांची पट्टी ठोकलेली आहे, पाणी कुठवर आलं ते तिच्यावर वाचायचं. धक्क्यावरचा माणूस रोज वाचून वहीत लिहितो, आणि त्या वह्यांवर माझा लेख उभा आहे: आमच्या धक्क्यावर पाणी किती चढलं. लेख गाजला. बाहेरच्या लोकांनी वापरला. आणि त्याच खांबासमोर एक कॅमेरा आहे, दर तासाला पट्टीचा फोटो काढतो. वर्षानुवर्षांचे फोटो डिस्कमध्ये पडलेत, एकानेही उघडून बघितले नाहीत. कारण? माणूसबळ नाही. ने.गु.ना बोलवायला माणूसबळ आहे.

तर हे फोटो साध्या माणसांनी मोबाइलवर वाचायचे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय, एवढंच. समुद्र बघितलेला असायची गरज नाही. वाचून झाले की माझ्या लेखाला वहीशिवाय दुसरा पुरावा मिळेल. कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

ने.गु. खूश. “स्टेकहोल्डर! हेच मी सांगत होतो.” त्यांनी हे कधीही सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

सूचना लिहिली. सोपी, शुद्ध मराठीत, उगाच पाल्हाळ नाही:

‘भरती निरीक्षक पाहिजेत. स्त्री-पुरुष दोघेही चालतील. बारावी पास, नजर चांगली. माहितीसाठी रविवारी सकाळी सात वाजता केंद्राच्या मैदानात यावे.’

कॉलेजला दिली, ग्रामपंचायतीत लावली, आण्णाला पाठवली. त्याच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर गावोगावची माणसं आहेत. म्हणाला, “बिनघोर ऱ्हा.”

सामंत म्हणतो, कोण येणार हो बाई, पाच माणसं आली तरी पुष्कळ. बघू.

१६ नोव्हेंबर, रवि.

पहाटे साडेपाचला आवाजाने जाग आली. पाय आपटल्याचा. खिडकीतून बघितलं तर मैदान भरलेलं. हाफ पँटी, बनियन, पायात बूट, कुणी अनवाणी. रांगेत धावतायत. मुलीही आहेत. डॉल्फिनला वळसा घालून फेऱ्या. फाटकाबाहेर जीपा, टमटम, वडाप. मोजायचा प्रश्नच नव्हता.

मला खरंच काही कळलं नाही. वाटलं, शेजारच्या शाळेच्या स्पर्धा असतील. मग एकजण खिडकीखाली येऊन म्हणाला, “मॅडम, आदी रनिंग हाय का आदी छाती?”

तेव्हा कळलं.

भरती. इथे भरती म्हणजे फौज, पोलीस. रहिमतपूरपासून आटपाडीपर्यंत कुणालाही विचारा, भरती म्हणजे दुसरं काही नसतं. आणि आण्णाने माझी सूचना पुढे पाठवताना आपल्या अकलेने खाली जोड दिली होती: ‘कागदपत्रांचे दोन झेरॉक्स संच आणावेत. वशिला चालणार नाही.’

ने.गु. खोलीत. दार आतून बंद. संकटातलं नेतृत्व हा त्यांचा पुढच्या आठवड्याचा विषय आहे. सामंत फोनवर पोलिसांना बोलवत होता. देवमासे मागच्या दाराने ‘हिंद महासागरा’त, नाश्त्याला.

मी साडी कशीबशी गुंडाळून बाहेर आले, ओट्यावर चढले, माइक घेतला. सांगितलं की चूक झालीय. ही ती भरती नाही. समुद्राची भरती. पाणी चढतं ती. आम्ही ते मोजतो.

मागून एकजण, “मंग मॅडम, आमची भरती कवा हाय?”

आणि माझं तोंड. गेली पन्नास वर्षं ते माझ्या आधी धावतं. म्हणाले, “आमची असते बाबा, दिवसातून दोनदा.”

काहीजण हसले. तो नाही हसला. शांतपणे म्हणाला, “आमची च्यार वरसांत येकदा बी न्हाई.”

माइक खाली ठेवला. मग लोक हळूहळू बूट काढून पिशवीत घालायला लागले, झेरॉक्स नीट घडी करून परत फाइलीत. कुणी आरडाओरडा केला नाही, दगड मारला नाही. केला असता तर सोपं गेलं असतं. जाताना एक बाई दुसरीला म्हणाली, “शिकल्याली हाय का पर ही?”

पोलीस आले तेव्हा मैदान रिकामं होतं. सामंतने त्यांना चहा पाजला.

पाच-सहाजण मात्र थांबले होते. त्यांना फोटो दाखवले. त्यात आटपाडीची एक, शालन. तिशी ओलांडलेली. एसटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे तिचं. स्वतः पोलिसात जायला पाच वेळा धावली, आता वय गेलं. “मी भरतीला न्हाई आलती,” म्हणाली. “पोरींना घिऊन आलती. सूचना वाचूनच वाटलं, ह्यात कायतर घोळ हाय. उंचीच लिवल्याली न्हाई.”

एवढ्या मोठ्या गर्दीत सूचना नीट वाचलेली ती एकटी.

१७ नोव्हेंबर, सोम.

मो.सा.चा फोन. “बाई, तुम्ही तिकडच्याच ना हो?”

हो. तिकडचीच. आण्णा भरतीला गेला तेव्हा आईने त्याला कच्ची अंडी पाजलेली मला आठवतात, आणि मी ‘भरती निरीक्षक पाहिजेत’ लिहिते. पंचवीस वर्षं कोकणात राहून शब्दाचा अर्थ बदलला आणि मला पत्ता नाही. इथल्या सगळ्यांना दोन आठवडे मूर्ख ठरवत होते. मुसळ माझ्याच डोळ्यात.

आण्णाला फोन केला, झापायला. तो उलट, “आगं मग म्होरं समुद्राची म्हनून लिवायचं की. मला वाटलं नेव्हीची हाय.”

सामंतने सादरीकरणाचा विषय बदलला. नवा विषय: ‘अनपेक्षित गर्दीचे व्यवस्थापन: एक अनुभव’. म्हणजे पोलिसांना पाजलेला चहा.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

थांबलेल्यांपैकी तिघं फोटो वाचतायत. दोघं बरे. शालन वेगळीच. दुकानातलं काम उरकलं की बसते म्हणे. रोज मेसेज:

‘फोटो ब्लर हाय, पास न्हाई करत.’
‘ह्यात पट्टीवर शेवाळ. आकडा दिसतो पन खात्री न्हाई, बाजूला ठिवला.’
‘ह्या दिवशी तारीख चुकल्याली दिसती, सावली बगा.’

सावली. आमच्या विभागातल्या एकालाही सावली बघायचं सुचलं नसतं. मलाही नाही.

इथे आज दिवसभर ‘भावनिक बुद्ध्यांक’. दोरीचा गुंता सोडवायचा खेळ होता. देवमाशांनी कात्री मागवली.

३० नोव्हेंबर, रवि.

शालन सकाळच्या गाडीने आली, विट्यामार्गे. पोरींना नाही आणलं. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये फोटोंचे रंगीत प्रिंट, ओळीने लावलेले. डॉल्फिनच्या कट्ट्यावरच बसलो.

“मॅडम, येक इचारू का. रागवू नगा.”

विचार.

“ही पट्टी हाय न्हवं, तिच्या मागं खांबाला लोखंडी कडी हाय. गंजल्याली. बोट बांधायची असंल.”

आहे. पंचवीस वर्षं बघतेय ती कडी.

“ह्या फोटूत कडी कुठल्या आकड्याला हाय, बगा. आन् ह्यात बगा.”

बघितलं. पहिल्यात कडी एका आकड्याजवळ. दुसऱ्यात, धक्क्याची दुरुस्ती झाल्यानंतरच्या, कडी वरच्या आकड्याजवळ. चांगली चार बोटं फरक. कडी सिमेंटात गाडलेली आहे, ती हलत नाही. म्हणजे दुरुस्तीत पट्टी काढली, परत ठोकताना चार बोटं खाली ठोकली. त्या दिवसापासून पाणी होतं तेवढंच असलं तरी पट्टीवर चार बोटं जास्त दिसतंय.

“फॉर्मवर जुना फोटू चिकटवत्यात न्हवं लोकं,” शालन म्हणाली, “तवा मी त्वांड न्हाई बगत. त्वांड बदलतंय. मी कान बगती. कान बदलत न्हाई.”

मी फोटो हातात धरून बसले. ती माझ्याकडे बघत होती, शाबासकीसाठी असेल. मी म्हटलं, “बघते. कळवते.” चहाही विचारला नाही. ती अकराच्या गाडीने परत गेली.

१ डिसेंबर, सोम.

सगळे फोटो स्वतः बघितले. तिचं बरोबर आहे.

समुद्र चढतोय हे खरंच आहे, जगभर माणसं मोजतायत. पण आमच्या धक्क्यावर दुरुस्तीच्या वर्षी एकदम चढला, ज्याच्यावर माझा लेख गाजला, तो समुद्र नव्हे. पट्टी उतरली.

दुरुस्तीनंतर पट्टीची पातळी तपासायची असते. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते हे. ‘तपासले, योग्य आहे’ असा कागद विभागातून जातो. आज ऑफिसातून त्याची प्रत मागवली. सही माझी. त्या दिवशी मी धक्क्यावर गेलेच नव्हते. कुठे होते? परिषदेत. मोजमापातल्या अचूकतेवर बोलत होते.

हे लिहिताना हसू येतंय, पण ते हसू बरं नाही.

३ डिसेंबर, बुध.

सामंतला सांगितलं. लेखात त्याचंही नाव आहे, त्याचा हक्क आहे. वाटलं होतं, गडबडेल. तो गडबडत नाही. चष्मा पुसला, फोटो बघितले, आणि म्हणाला, “चार बोटं. हं. खरं आहे.”

मग म्हणाला, “बाई, मी तुमचा स्पर्धक आहे, तरी सांगतो. बारा तारखेला समितीपुढे हे काढू नका. आत्ता बोललात तर खुर्ची जाते, आणि मला मिळते असंही नाही, माझंही नाव आहे त्यात. बाहेरून कुणीतरी येईल, ज्याला भरती म्हणजे काय तेही माहीत नसेल. आधी प्रमुख व्हा. मग तुमच्याच हाताने दुरुस्ती पत्रक काढा, व्यवस्थित. विभागप्रमुखाने काढलेलं पत्रक शोभतं.”

महिनाभरात इथे कुणी काही शहाणपणाचं बोललं असेल तर हेच. म्हणून जास्त राग आला. गुळगुळीत माणसाचा तिटकारा करणं सोपं असतं, तो चुकत असेल तर.

“आणि ती मुलगी?” मी विचारलं.

“कोण मुलगी?”

“शालन. जिने शोधलं.”

“तिला काय,” सामंत म्हणाला, “प्रमाणपत्र देऊ.”

७ डिसेंबर, रवि. रहिमतपूर

आण्णाला सगळं सांगितलं. लेख, पट्टी, खुर्ची. त्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे नवल.

शेवटी म्हणाला, “रायफल झिरो केली न्हाई, म्हंजे नेम जुळवून घेतला न्हाई, तर गोळी बाजूला जाती. त्यात रायफलीचा दोष न्हाई.”

म्हटलं, मग दोष कुणाचा?

“ज्यानं रजिस्टरला झिरो केली म्हनून सही केली त्याचा.” आणि उठून परड्यात म्हशीला पाणी दाखवायला गेला.

वहिनी म्हणाली, “तुमी नगा मनावर घिऊ. ह्यांनी बी केल्यात्या तसल्या सह्या.” परड्यातून आण्णाचा आवाज, “केल्यात की. म्हनून तर सांगतोय.”

निघताना मात्र त्याने विचारलं, “मंग कंपनी कमांडर?” मी चपला घातल्या. त्याने गावभर सांगून ठेवलंय. आज येताना गल्लीतल्या कुणीतरी मला हाकही मारली म्हणे त्या नावाने, मला ऐकू गेली नाही.

१० डिसेंबर, बुध.

रंगीत तालीम. ने.गु.नी माझं सादरीकरण बघून सांगितलं, “मॅडम, सुंदर. फक्त शेवटी एक आशादायी लाट दाखवा.” दाखवली. तालमीत पट्टीचं काही बोलले नाही. लेखाचा तक्ता दाखवला, ती रेघ वर चढणारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवमासेसुद्धा जागे होते.

आता पेन ड्राइव्हवर दोन फाइली आहेत. एकीत कडी आहे, एकीत नाही. नावं मुद्दाम सारखी ठेवलीत, कुणी बघितलं तर कळू नये म्हणून. मलाच दोनदा उघडून बघावं लागतं. इतकी चोरटी मी कधी नव्हते. की होते, आणि कागद मागवेपर्यंत समजलं नव्हतं.

शालनचे मेसेज:

सोमवारी: ‘मॅडम, ते कडीचं बगितलं का?’
मंगळवारी: ‘मॅडम, काय चुकलं का माजं?’
आज: ‘मी सगळे फोटू कडी धरून पैल्यापास्नं परत वाचायला घेतल्यात. दुकान दुपारचं बंद ठिवलंय.’

एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही. काय देणार? बरोबर आहे म्हणाले तर बारा तारखेला गप्प बसता येत नाही. चुकलं म्हणाले तर खोटं. म्हणून काहीच नाही म्हटलं. कालव. मोठ्या ऐटीत सांगितलं होतं पहिल्या आठवड्यात.

आमच्या संस्थेत मला असंच गप्प बसून मारलेलं आहे, तरुणपणी, एका मोठ्या माणसाने. दोन महिने मी स्वतःचे आकडे परत परत तपासत होते. तो माणूस पुढे प्रमुख झाला. त्याच खुर्चीवर.

१२ डिसेंबर, शुक्र. दुपार

समिती आली. तिघं. ‘अरबी समुद्रा’त पुढच्या रांगेत सोफे लावलेत. मो.सा. त्यांना डॉल्फिन दाखवून आले.

सामंतचं झालं. छान झालं. त्याने गर्दीच्या सादरीकरणात माझं नाव आदराने घेतलं, ‘बाईंच्या एका निरागस शब्दामुळे’. समिती हसली. त्याला द्यायचा होता तो टोला दिलाच त्याने.

आता चहा. पुढचा नंबर माझा. बाहेर कट्ट्यावर बसून हे खरडतेय. पेन ड्राइव्ह मुठीत. कुठली फाइल ते अजून

मोबाइल वाजला. शालन.

‘मॅडम, सगळे परत वाचले. कडीचं तेच येतंय. पन तुमी येवड्या शिकल्याल्या, समुद्राच्या काठाला ऱ्हाता, तुमचं चुकनार न्हाई. माजंच चुकत असंल. नेटवर तुमचा लेख बगितला, त्यातल्या मापानं माजे कडीपास्नं धरल्याले आकडे चार बोटं दुरुस्त करून पाटवू का? आजच करती.’

तीनदा वाचलं. शाबासकीचा शब्द सोडा, साधं उत्तर दिलं नाही मी तिला बारा दिवस. आणि तेवढ्यात ती शिकली, मोठ्या माणसापुढे आपला खरा आकडा वाकवायला. ने.गु.ना सहा आठवडे लागले आणि काही जमलं नाही, मला गप्प बसून जमलं.

‘नको,’ लिहिलं. ‘एकही आकडा बदलू नकोस.’ पाठवलं.

आतून सामंत हात करतोय. माइकवर माझं नाव. मो.सा. उठून दाराकडे बघतायत.

तिचं उत्तर आलं.

‘बरं. मंग मॅडम, बरोबर कुनाचं?’